पाच कॉलेजांचं यंत्र

६ जाने., मंगळवार
आलं: ज्वारी दहा किलो, शेंगदाणे दोन किलो, कापूर, फुलवाती. एकूण नऊशे साठ. कापूर महागला.
घरामागच्या कॉलेजात सुनेचं, मंजिरीचं यंत्र आलं. सात पेट्या, क्रेनने उतरवल्या. किंमत अकरा कोटी. सुनेला दोनदा विचारलं, शून्य जास्त पडलं का म्हणून. "नाही आई, बरोबर आहे." माझ्या रकान्यात मावत नाही. तीन वर्षं त्या अर्जामागे होती, पाच कॉलेजांच्या सह्या, दिल्लीच्या खेपा, त्यातच अन्वी झाली. दत्तगुरूंची कृपा. साखर ठेवली.
पाणी आलं. दोन्ही टाक्या भरल्या.

१९ जाने., सोमवार
जेवताना मं.ने पुन्हा समजावलं. अणूंना विजेने भारून त्यांची बारीक धार सोडतात, त्या धारेने दिसतंही आणि कोरताही येतं. केसाच्या जाडीत हजार रेघा. हे म्हणाले, "आणि मटकीतला खडा तेवढा दिसत नाही." मं. म्हणते, "बाबा, मटकी पाठवा तिकडे. अकरा कोटींची उसळ करू."
पाचही कॉलेजांची मुलं पाळीने वापरणार. मी म्हटलं, आमच्या महिला मंडळाच्या पातेल्यांसारखं कर. नेलं त्याने घासून आणायचं, वहीत सही, पोचा पडला तर तोही लिहायचा. हसली, पण मोबाईलमध्ये लिहून घेतलं.
मात्र यंत्र अजून आपलं नाही. कंपनीचा इंजिनियर ठरल्याप्रमाणे चालवून दाखवणार, मग कॉलेज सही करणार. फेब्रुवारीअखेरपर्यंत नाही झालं तर यंत्र परत, आणि मं.ची तात्पुरती नोकरीही तिथेच संपली. हे ती शेवटी बोलली, ताट उचलताना.

२२ जाने., गुरुवार
पाणी संध्याकाळपर्यंत होतं, म्हणून दत्ताची आरती चुकली. क्षमा.
बंगळूरचा इंजिनियर शिवकुमार जेवायला होता. शांत माणूस. तीन भाकऱ्या, झुणका. चित्र थरथरतंय म्हणाला. काल ठीक होतं.

२७ जाने., मंगळवार
सकाळी सहालाच शेजारच्या गंगव्वांची हाक, "अक्का, नीर बंत्रि!" म्हणजे पाणी आलं. पाणी भरण्यात पूजा घाईची झाली.
मं. तोंड उतरवून आली. चार-पाच दिवस चित्र स्थिर, मग एक दिवस थरथर. शिवकुमारने आधी ट्रकना दोष दिला, मग लिफ्ट बंद ठेवून पाहिली. मास्तरलोक जिने चढून दमले, फरक शून्य. मी म्हटलं, दाराला लिंबू बांधू का? "आई, आत पेन्सिलसुद्धा नेऊ देत नाहीत, तिची पूड उडते." बरं. मग देवापाशीच ठेवलं.

५ फेब्रु., गुरुवार
आज घडलं ते नीट लिहिते.
मं. भाजी निवडता निवडता ह्यांना सांगत होती, "बावीस, सत्तावीस आणि परवा तीन तारीख. तीनच दिवस बिघडलं. काय सारखं आहे त्यात, कळत नाही." माझा हात थांबला. सत्तावीसला गंगव्वांची हाक आली होती. ही वही आणली. बावीस, पाणी. सत्तावीस, पाणी. तीन तारखेचं पान काढलं, पाणी.
मं.ने वही ओढून तीनही पानं पाहिली. मग, "आई, फोटो काढू?" वरचं तूरडाळीचं झाकून काढ म्हटलं.
हे म्हणाले, "आज तुझ्या मॅट्रिकचं सोनं झालं."

६ फेब्रु., शुक्रवार
खरंच तेच. यंत्राच्या भिंतीपलीकडे मुलांचं हॉस्टेल. नळाला पाणी आलं की ते वर चढवायला तिथली मोठी मोटर दिवसभर चालते. आज मुद्दाम चालू केली. चित्र थरथरलं. बंद केली, थांबलं. हॉस्टेलचे वॉर्डन चिडले, "म्हणजे पोरांनी आंघोळ करायची नाही?" शेवटी ठरलं, मोटर पलीकडच्या कोपऱ्यात, खाली जाड रबर, तीही रात्रीच लावायची.
शिवकुमारने निरोप पाठवला, "अत्तींना विचारा, पुन्हा पाणी कधी?" अत्ती म्हणजे कानडीत सासू. मी काय नगरपालिका आहे?

१७ फेब्रु., मंगळवार
पाणी आलं. मुद्दाम आजच परीक्षा ठेवली, दिवसा मोटर चालवून. मी घरी जप धरला. चार वाजता मं.चा फोन. नुसती रडली. मग म्हणाली, "आई, सही झाली."
पेढे अर्धा किलो. गंगव्वांकडेही दिले. दत्ता, तुझे उपकार कसे फेडू. एवढ्या शिकलेल्या माणसांत माझ्या पाण्याच्या टिपणाला जागा दिलीस.

२२ फेब्रु., रविवार
मं.ला कॉलेजचं पत्र आलंय. आठ आठवडे बंगळूरला शिकून आली तर यंत्र तिच्या ताब्यात, नोकरी कायम. तिने घडी घालून फडताळात ठेवलं. विचारलं तर, "नाही जमायचं आई. अन्वी केवढी आहे." लेकाची, श्रीधरची नोकरी फिरतीची. माझे गुडघे असे. अन्वी दारातून पळाली तर मी तिला धरू शकत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणूनच मला सांभाळा म्हणाली नाही.

२४ फेब्रु., मंगळवार
निपाणीला पत्र टाकलं. विहीणबाईंना फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर मं. ऐकेल. नक्कल ठेवते:

सौ. कुसुमताईंस सप्रेम नमस्कार.
मंजिरीने यंत्र उभं केलं. देवाने फार दिलं आहे. आता तिला आठ आठवडे बंगळूरला जायचं आहे आणि अन्वीमुळे ती नाही म्हणणार आहे. मला एकटीला झेपणार नाही, तुम्ही आलात तर झेपेल. मुलीच्या घरी राहायचं नाही असा तुमचा नेम आहे, ठाऊक आहे. तो मोडू नका. मुलीकडे नव्हे, माझ्याकडे या. सोवळ्याची खोली तुमची. लग्नात मानाच्या साड्यांवरून मी बोलले, ते मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरला नसाल. तरीही लिहिते आहे.
तिला दहा तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हो किंवा नाही, जे असेल ते दोनच ओळींत, पण उलट टपाली कळवा.