रिंकूचं वजन आणि तेहतीसचा घोळ

तीर्थरूप भैयाजीमामा यांच्या चरणी भाची दिव्यानीचा नमस्कार.

हे पत्र हाती पडेल तोवर तुमचं धानाचं रोवणं आटोपलेलं असो, गुडघा कुरकुरायचा थांबलेला असो आणि मामी, दोन्ही म्हशी व गिरणीचा नवा पट्टा, सगळे धडधाकट असोत. मी मजेत आहे. फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुम्ही विचारालच. तर भामरागडकडच्या या आमच्या गावात रेंज मिळते ती फक्त आरोग्य केंद्राच्या आवारातल्या पाण्याच्या टाकीवर, आणि टाकीवरून बोललेलं अख्ख्या गावाला ऐकू जातं. (मागे आईला फोनवर म्हणाले, आज भाजी नव्हती. संध्याकाळी तीन बाया दोडके घेऊन हजर.) टाकीवर बोललेलं किती दूर जातं, याचाच हा किस्सा आहे.

गेल्या आठवड्यात पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला. आमचे डॉक्टरसाहेब बैठकीला गेलेले, ते तिकडेच अडकले. इकडे राहिलो मी एकटी नर्स आणि आमचा शिपाई इस्तारी. इस्तारी मनाचा फार चांगला आहे, फक्त कोणतीही गोष्ट ऐकली की ती थोडी मोठी करून सांगतो. दुपारी रंभा नावाची बाई तिची पोरगी रिंकू हिला खांद्यावर टाकून आली, मागून सासू रुखमाबाई. ढिवरांचं घर, नदीवर मासे धरून राहिले होते, तिथूनच डोंग्यातून थेट आले. पोरगी तापानं फणफणलेली, वाटेत एक झटका येऊन गेलेला. रंभा म्हणाली, "मॅडम, डोळे उघडून नाई राह्यली जी." रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला तर मलेरिया, तोही वाईट जातीचा.

इस्तारीला टाकीवर पिटाळलं. तिथून त्यानं साहेबांना फोन लावला आणि वरूनच माझ्या खिडकीकडे ओरडून सांगितलं, "साहेब म्हणते, शिरेतून इंजेक्शन द्या! किलोमागं तीन मिलिग्रॅम! वजन किती हाय?" इथेच गाडं अडलं. बाळं मोजायचा लटकता काटा आहे, पण त्याची झोळी उंदरांनी खाल्लेली. वय विचारून अंदाज बांधावा म्हटलं, तर रुखमाबाई म्हणाली, "लाल गाय मेली त्या वर्षीची हाय," आणि रंभा म्हणाली, "नाई, त्याच्या पुढच्या." (गाय केव्हा मेली यावरून सासूसुनेत तिथंच जुंपणार होती.) मग मोठ्यांच्या काट्यावर रंभाला पोरीसकट उभं केलं. बावन्न किलो. पोरगी सासूकडे दिली, पुन्हा रंभाला एकटीला उभं केलं. साडेएकोणपन्नास. म्हणजे रिंकूचं वजन अडीच किलो!

आकडा खिडकीतून सांगितला, तसा इस्तारी टाकीवरून ओरडला, "मॅडम, अडीच किलोची तं कोंबडी रायते!"

मी काटा हलवला, ठोकला, स्वतः उभी राहिले. (माझं वजन इथे लिहीत नाही. काटा बरोबर आहे एवढंच समजा.) मग नजर गेली रंभाच्या हाताकडे. पोरगी घेताना सासूनं आपल्या हातातली थैली सुनेच्या हातात दिली होती. थैलीत शिशाच्या गोळ्यांचं ओलं जाळं आणि वर दोन जिवंत मरळ मासे. एक हातात घ्या, एक हातात द्या, असा त्यांचा नेहमीचा व्यवहार, त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. थैली खाली ठेवली, एकेचाळीस भरले. पोरगी अकरा किलोची निघाली. हायसं वाटलं. अडीच किलोच्या हिशोबानं औषध दिलं असतं तर मलेरियाला नुसती गुदगुली झाली असती.

अकरा किलो असं ओरडून सांगितलं. वरून उत्तर आलं, "तेहतीस एमएल द्या म्हणते!"

मामा, कॉलेजात मात्रेचं गणित मला कधी आवडलं नाही. पाहिजे ती मात्रा, भागिले हाताशी आहे ती मात्रा, असं घोकायचो नुसतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते गणित माझ्याशी बोललं. बाटली साठ मिलिग्रॅमची. त्यात सोबतचं द्रावण आणि सलाईन मिळवलं की सगळं मिळून सहा एमएल होतं. बाटलीतच सहा, मग तेहतीस येणार कुठून? साहेबांनी मिलिग्रॅम म्हटलं असणार आणि टाकीवरून खाली येताना त्याचं एमएल झालं असणार. एका एमएलात दहा मिलिग्रॅम, म्हणजे तेहतीस मिलिग्रॅमला तीन पूर्णांक तीन. कागदावर केलं, उलटं करून पाहिलं, तेच आलं. मी खिडकीत जाऊन जीव तोडून ओरडले, "इस्तारी, फोन वर धर! साहेब, तेहतीस मिलिग्रॅम, म्हणजे तीन पॉइंट तीन एमएल, बरोबर का?" साहेबांना थेट ऐकू गेलं. ते 'बरोबर' म्हणाले, आणि इस्तारीनं या वेळी शब्द न वाढवता सांगितलं.

औषध भरलं तर रुखमाबाई आडवी आली. "येवढुसं काऊन? आमी गरीब मानसं म्हणून? पुरी बाटली दे पोरीले!" म्हटलं, आजी, लेकरू केवढं, औषध तेवढंच. ती बाजूला झाली, पण पटलं नव्हतं. हळूहळू इंजेक्शन दिलं आणि पुढचे डोस वेळेवर देत पोरीजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिंकूनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं. मीही रडले, तेव्हा ती घाबरून गप्प झाली.

साहेब परतल्यावर मी विचारलं, लहानांना किलोमागं तीन आणि मोठ्यांना त्याहून कमी, असं उलटं कसं? ते म्हणाले, लहान अंग औषध लवकर संपवतं, म्हणून किलोमागं जास्त लागतं. किती नवल आहे, नाही? तेव्हापासून मला माणूस दिसला की वाटतं, याच्या अंगात औषध किती वेळ टिकत असेल. रुखमाबाईला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग! मी म्हणतच होती, लेकराले जास्त लागते." आता गावभर सांगत फिरते की मॅडमचं चुकलं होतं, मी दुरुस्त केलं.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुमची भाची,
दिव्यानी

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. मी भामरागडला आहे हे आपल्या घरात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. आईला गोंडपिपरी सांगितलंय, पूर आणि जंगल ऐकून ती जेवण सोडेल म्हणून. आता ती म्हणते, पोळा झाला की गोंडपिपरीला येऊन चार दिवस राहते. कसंही करून तिला अडवा. मामींना आजारी पाडा, म्हैस विऊ द्या, काहीही करा.

ता. क. दुसरा. मामी, मामांचा चष्मा कधी सापडत नाही आणि पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवता, हे मला आत्ता आठवलं. आणि तुमच्याकडे टपाल येतं शनिवारी, त्या दिवशी आईही तुमच्याकडेच बसलेली असते. आई, नमस्कार. मी रोज पोटभर जेवते. आता ऐकलंच आहेस, तर गोंडपिपरीची बस पकडू नको.