पालथा पाटा

७ जाने., बुध.

पालघरहून आले, स्कूटर लावली, मागच्या दाराने आत जायला पाय उचलला तर नवी पायरी. काळ्या दगडाची. कडेला खिळ्याने कोरलेलं पाच पाकळ्यांचं फूल.

आईचा पाटा!

पालथा घातलाय. टाकी लावलेली, वाटायची बाजू खाली, सिमेंटात. वर मधोमध सिमेंटचा पातळ थर, त्यात मिस्त्रीच्या चपलांचे ठसे.

मिस्त्रीला विचारलं. "अम्मा बोली पत्थर अच्छा है, लगा दो." सासूबाई ओट्यावर मासळी साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दगूडच हाय तो. घरात दोन-दोन मिक्सर हायत. पाट्यावर कोन वाटतंय आता?"

बोलले असते तर थांबले नसते.

८ जाने.

दि. पाळीवरून आल्यावर त्याच्या कानावर घातलं. नवरा काय म्हणतो, "घरातच आहे ना? बाहेर कुठे गेला?" हो. घरातच आहे. पायाखाली.

आई जाऊन चौदा महिने झाले. भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा मी म्हटलं, मला फक्त पाटा-वरवंटा द्या. संगमनेरहून टेम्पोतून गोणपाटात गुंडाळून आणला. मनूची पाचवी याच पाट्यावर पुजली होती, माहेरी. तेव्हा या सासूबाई सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन मुद्दाम आल्या होत्या आणि पाट्याला हळद-कुंकू यांनीच वाहिलं होतं, स्वतःच्या हाताने. आता त्याच पाट्यावर मासळीचं पाणी ओतते.

ओतते. हो. आजपासून या वहीत अहो-जाहो बंद. तोंडावर करावं लागतं तेवढं पुरे.

वरवंटा वाचला, कारण तो मनूकडे होता. फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. मागे एका बारशाला तिने पाहिलं, वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवतात. तेव्हापासून ते तिचं बाळ. साडेचार वर्षांची पोर, पण दगडाची कदर तिला जास्त.

११ जाने., रवि.

पुढच्या खोलीची लादी फोडतायत. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून भरणी करून सगळं वीतभर वर घ्यायचंय. आम्ही चौघं मागच्या खोलीत, कपाट, फ्रीज आणि देव यांच्यासकट. गॅस पडवीत. तांदळात मनूचा टूथब्रश सापडला. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेत, त्यावर धूळ बसते म्हणून सा.बा.चं मिस्त्रीशी रोज वाजतं. "मासळी खराब झाली तं तूच खा सगळी." तो हसतो. त्याला निम्मं कळत नाही.

मनूने सिमेंटच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. एक रट्टा दिला पाठीत. जरा जोरातच बसला, बोटं उमटली. सा.बा. बघत होती. मनूला उचलून हात धुवायला घेऊन गेली. बरं झालं.

सूड क्र. १: सा.बा.च्या चहात साखर घातली नाही. गपचूप प्याली, वर "बरा झालाय" म्हणाली. मला सूडसुद्धा धड घेता येत नाही.

१४ जाने.

संक्रांत. सासूच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हटलं. गोड बोलेन. गोड वागेन असं कुठे म्हटलंय?

मी मागच्या दाराने जात नाही. घराला पूर्ण वळसा घालून पुढून, राडारोड्यातून जाते. दि. म्हणाला, किती दिवस करणार असं? म्हटलं, जिवंत आहे तोवर.

सा.बा.ने जाहीर केलं, २२ला भटजी येणार. पुढच्या खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष आहे, सासरे असताना पुरलेला. तो विधी करून काढायचा, भरणी झाली की परत पुरायचा. तोवर त्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही. आणि घरात वंगाळ बोलायचं नाही. "वास्तू तथास्तु बोलते."

तिचा जीव कुठे आहे ते तिनेच सांगितलं. दर सणाला आधी त्या कोपऱ्यात पान वाढते, मग माणसांना. माझ्या आईच्या पाट्याला दगूड म्हणणारी बाई.

१७ जाने., शनि.

केलं.

अर्धा दिवस होता, लवकर आले. मिस्त्री जेवायला गेलेला, सा.बा. सुकी मासळी घेऊन बोईसरला बाजारात, दि. झोपलेला. कोपऱ्याची लादी आधीच तडकली होती. उलथन्याने उचलली. हातभर खणल्यावर तांब्याची डबी लागली, हिरवी पडलेली. आत अंगठ्याएवढा चांदीचा माणूस, पालथा. बघून क्षणभर हात थांबला. मग पाटा आठवला. तोही पालथाच आहे, त्याचं कुणाला काय?

माती सारखी केली, लादीचे तुकडे जसेच्या तसे बसवले. डबी स्कूटरच्या डिकीत, रेनकोटखाली.

वळले तर मनू उभी. काखेत वरवंटा.

"आई, डबीत कोन हाय?"

"बाळ झोपलंय. कुणाला सांगायचं नाही."

"आजीला पन?"

"आजीला तर मुळीच नाही."

शहाण्यासारखी मान हलवली.

१९ जाने.

वास्तुपुरुष आज पालघरला जाऊन आला. बेटेगावपाशी रस्ता मोकळा मिळाला तेव्हा मोठ्याने म्हटलं, जो त्या पायरीवर पाय ठेवील त्याचा पाय मोडो. म्हण तथास्तु! मागून काही आवाज आला नाही, पण हलकं वाटलं.

दिवसभर दुकानात लोकांचे अर्ज टाइप केले. बांध कोरला, नळ तोडला, सांडपाणी दारात सोडलं. आमच्या घरासारखीच घरं. प्रत्येकाच्या शेवटी, तरी मे. साहेबांनी न्याय द्यावा ही विनंती. मला कुठलाही साहेब नको. माझं मी बघतेय.

२२ जाने., गुरु.

भटजी आले. मंत्र झाले. मिस्त्रीने कोपरा खणला. हात, दोन हात, मग अख्खा कोपरा. काही नाही.

सा.बा. मातीत बसली. नव्या लुगड्यानिशी. माती मुठीत घेऊन चाळत होती, तांदूळ निवडावेत तशी. मी खांबाला टेकून बघत होते. वाटलं होतं तसंच वाटलं. थंडगार.

दि. मिस्त्रीवर घसरला, चांदी बघून हात मारला असणार. मिस्त्री रडकुंडीला आला, "भैया, हम चोर नहीं हैं." तेव्हा सा.बा.च ओरडली, "गरिबावर आळ घेऊ नको! माझ्या घरात ते चालनार नाय." ती चांगली वागली की मला जास्तच राग येतो.

मग तिने मनूला जवळ घेतलं. "बाय, तू बघितलंस का कोनाला?"

मनूने आजीच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "मला नाय माहीत."

काय सफाई! पापणी लवली नाही. मला अभिमान वाटला, खोटं का बोलू? संध्याकाळी तिला चॉकलेट दिलं.

२५ जाने., रवि.

तथास्तु पोचलं.

सा.बा. मागच्या पायरीवरून घसरली. ओली होती. घोटा टम्म सुजलाय. हाडाला काही नाही असं डॉक्टर म्हणाले. दि.ने उचलून आत आणलं तेव्हा मी फ्रीजकडे तोंड करून उभी राहिले, चेहरा दिसू नये म्हणून.

आंबेहळदीचा लेप मात्र मलाच लावावा लागला. सूड माझा आणि लेपही मीच लावायचा. डबी गेल्यापासून ती एक वेळच जेवते, पाय हातात घेतला तर काडीसारखा. म्हणाली, "त्या दगडानं घेतला माझा पाय. घेनारच."

मी विचारलं, घेणारच म्हणजे?

"काय नाय," म्हणाली.

२८ जाने.

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

मनू अंगणात खेळत होती. विटेला वीट टेकवून उभी केली, ढकलली. "धाड! पाटा पडला. कोनी पाडला? मी नाय पाडला." मग बोट तोंडावर ठेवून वरवंट्याला, "आजी बोलली, आईला सांगायचं नाय."

मी हातातलं सोडून तिच्यापाशी बसले. रागावणार नाही म्हणून तीनदा शपथ घेतली. मग तुकड्या-तुकड्यात निघालं. सामान हलवताना पाटा ओट्याला उभा टेकवला होता. हिला त्यावर बाळाला झोपवायचं होतं, म्हणून ओढला. तो कोसळला. पाय वाचला, हिने बोटांनी दाखवलं, एवढ्याशानेच. पाटा मधोमध फुटला. आजी धावत आली, आधी हिचा पाय बघितला, मग हिला पोटाशी धरून बसली.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागे गेले. पायरीवरचा सिमेंटचा पातळ थर खरवडला. खाली आडवी चीर. अगदी आरपार.

सा.बा.पुढे जाऊन उभी राहिले. स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता. तिने तो बघितला आणि समजली.

"फुटका पाटा घरात ठेवत नाय. खाडीत टाकायला नेलेला. टाकवला नाय. तुझ्या आयशीचा ना. म्हनून मंग पायरीला लावला, निदान घरात ऱ्हाईल."

"मग दगूड का म्हणालात? सांगायचं ना मला!"

"तू पोरीला मारलं असतंस."

मारलं असतं. नक्की मारलं असतं.

म्हणजे माझी मुलगी गेले तीन आठवडे माझ्यापासून लपवत होती. मला कळलंही नाही. आणि मला वाटलं, सफाई मी शिकवली.

डबीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. राग गेलाय असं समजू नये. सांगता आलं असतं तिला. तीन आठवडे मी त्या दारातून गेले नाही, तीन आठवडे मला चपलांचे ते ठसे दिसतायत. पण आता रागवायचं कुणावर ते ठरेना. भलताच त्रास.

३१ जाने., शनि.

ठरवलं होतं: डबी राडारोड्याच्या ढिगात टाकायची, सोमवारी मिस्त्री ढीग उपसेल तेव्हा आपोआप सापडेल. कुणाला काही सांगायला नको. त्याच्यावरचा संशयही जाईल.

डिकी उघडली. रेनकोट आहे, डबी आहे. उचलली तर हलकी.

आत काही नाही.

स्कूटरची चावी मीच देते मनूच्या हातात, खेळायला. तिला डिकी उघडता येते, मलाच कौतुक होतं त्याचं. तिला बोलावलं. शांतपणे विचारलं, डबीतलं बाळ कुठे आहे?

माझ्या डोळ्यांत डोळे घालून, "मला नाय माहीत."

तिच्या खेळण्यांच्या पिशवीत बघितलं, उशीच्या खोळीत, तांदळात, वरवंट्याच्या फडक्यात. वाळूचा ढीग दोनदा उकरला. दि. विचारत होता काय शोधतेस. कानातलं पडलं म्हटलं. तोही बिचारा शोधायला लागला.

२ फेब्रु., सोम.

लादी बसली. खोली ओळखू येत नाही इतकी उजळली. फक्त आग्नेय कोपऱ्यातली एक जागा उघडी. सा.बा. लंगडत आल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "ये एक लादी मत लगाव." मिस्त्री म्हणाला, अम्मा, मेरा काम आज खतम है, कल दूसरी साइट. "कल सुबह आके लगाव," म्हणाल्या. ती लादी भिंतीला टेकवून ठेवलीय. उद्या सकाळी तो येणार, लावणार, जाणार. मग तिथे एक तर वास्तुपुरुष असेल, नाहीतर नुसती माती.

दुपारी मनूला त्या कोपऱ्यापाशी घेऊन बसले. चॉकलेट दाखवलं. नको म्हणाली. रागावले नाही, हात तर उचललाच नाही. म्हटलं, मने, आईला सांग ना. कुठे ठेवलंस?

ती माझ्या कानाशी आली. "बाळ झोपलंय. कुनाला सांगायचं नाय."

"आईला पण?"

"आईला तर मुळीच नाय."

मान वर केली तर सा.बा. दारात उभ्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"कोन झोपलंय?" म्हणाल्या.

मनूने माझ्याकडे बघितलं. मग आजीकडे. मग दोघींकडे पाठ करून वरवंट्याला थोपटायला लागली.

मी म्हटलं, चहा टाकते, आणि पडवीत आले. दोन चमचे साखर घातली. चहा गाळून झालाय, वही मांडीवर आहे. आतून सा.बा.ंची दोनदा हाक आली. निवतोय.