ग्रे हेरनचे मालक

६ ऑक्टोबर १९३४, शनिवार

पोचलो एकदाचा! बावीस वर्षं आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात डुगडुगत लोकांना सूप वाढलं. आता पायाखालची जमीन माझी आहे आणि ती हलत नाही. 'ग्रे हेरन' पब मला बघताक्षणीच आवडला. दारावर राखी बगळ्याची पाटी, बसक्या छताची मोठी खोली, तळघरात बिअरची सहा पिंपं. बाकं इतकी झिजली आहेत, की ज्याच्या त्याच्या बैठकीचे खळगे पडलेत. गावाला चारही बाजूंनी कालवे, बाहेर पडायला एकच पूल. मार्लोड गाव म्हणजे ताटात ठेवलेली वाटीच.

दुपारी सगळं गाव भेटायला आलं. बायकांनी ईल मासे भरून भाजलेली पेस्ट्री आणली होती. चर्चचे कारभारी एझ्रा स्टिटल यांनी एक जाडजूड चामडी वही पुढं केली. हा पब चालवणाऱ्या प्रत्येकानं तीत आपलं नाव लिहायचं, अशी इथली रीत. पहिलं नाव १७०२ सालचं, माझं सत्ताविसावं. 'लायनेल ब्रॅडवेल' असं मी झोकात लिहिलं तशा टाळ्या पडल्या. एक बाई तर चक्क रडली. स्टिटल म्हणाले, आता तुम्ही आमचे, मालक. मी म्हटलं, बिअर चांगली निघाली तर तुम्हीही माझे. हसले सगळे, पण जरा उशिरानं.

कोरा हवी होती. ती नॉटिंगहॅमला तिच्या आईचं घर आवरतेय. महिनाअखेरीस येईल. तोवर मी एकटाच मालक आणि एकटाच नोकर.

११ ऑक्टोबर

हात बसला. सकाळी मिसेस थर्झा गुडरम येतात, फरशी पुसतात, स्वयंपाक करतात, आणि माझ्या आगगाडीतल्या गोष्टी ऐकताना जांभया देतात. दुपारी गिऱ्हाईक. कालवे साफ करणारा नोआ हेब रोज तीच थट्टा करतो, की हा शहरी गडी बिअर ओततोय का तान्ह्या पोराला न्हाऊ घालतोय? परवा मी त्याला म्हटलं, तुझ्यासारखं पोर असतं तर टबातच सोडून आलो असतो. तेव्हापासून आमचं गूळपीठ जमलंय.

फावल्या वेळात वही वाचतो. मजेशीर आहे. कुणी एकतीस वर्षं मालक, कुणी चाळीस. एक मालक रोज चर्चच्या घंटेला शिव्या द्यायचा, एकीनं म्हणे सहा फुटी दरोडेखोराला पिंपात कोंडलं होतं. पण 'सोडून गेला' असं कुणाच्याच नावापुढं नाही. माझ्या आधीचे बार्नबस केट कुठं राहायला गेले, म्हणून मी विचारलं. नोआ म्हणाला, जातो कुठं, चर्चच्या मागं आहे की.

१६ ऑक्टोबर

जवळच्या ईली शहरात जाऊन केस कापावेत, कोरासाठी शाल घ्यावी, असा बेत होता. मालाची मोटार आज नाही म्हणाले. उद्या? उद्या चाक काढलेलं असेल. तासाभरात शेजारच्या गावचा न्हावी दारात हजर, आणि त्याच्यामागून तीन बायका, प्रत्येकीच्या हातात शाल. किती माया लावावी माणसांनी!

मात्र मी उंबऱ्यावर उभा राहिलो, की रस्त्यावरची माणसं बोलायची थांबतात. हेही आज लक्षात आलं.

१९ ऑक्टोबर

काय घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

लख्ख ऊन होतं. पाय मोकळे करावेत म्हणून पुलाकडं निघालो. शेवटचं घर मागं पडलं आणि बुटांत पाणी शिरलं. खाली पाहिलं. पाऊस नाही, काही नाही, आणि रस्त्याच्या दगडांमधून पाणी वर येत होतं. मी चार पावलं पुढं टाकली तसं ते घोट्यावर आलं. कालवा काठोकाठ भरला. मागून आरोळी आली. गाव धावत येत होतं, पुढं स्टिटल, म्हातारा गुडघाभर पाण्यात. मला वाटलं मारणार. त्यांनी माझे पाय धरले. मालक, घरी चला, म्हणत रडायला लागले.

मी परत फिरलो. पावलागणिक पाणी उतरत गेलं. पबच्या दारात पोचलो तेव्हा रस्ता कोरडा होता.

२० ऑक्टोबर

स्टिटलनी सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, असंही वर म्हणाले. ग्रे हेरनला मालक लागतो. तो गावाबाहेर गेला, की पाणी येतं. का, ते कुणाला माहीत नाही. त्यांच्या आजोबांनाही नव्हतं. १८८१ साली पर्किस नावाचा मालक लेकीच्या लग्नाला गेला. तो संध्याकाळी परतला तेव्हा अकरा माणसं बुडाली होती, त्यांत स्टिटलची आई. गावातल्यानं नाव लिहून भागत नाही. माणूस बाहेरचा लागतो आणि त्यानं आपल्या हातानं लिहावं लागतं.

मी संतापून विचारलं, मला फसवून आणलंत? ते म्हणाले, हो मालक. शांतपणे म्हणाले.

कोराला पत्र लिहिलं. येऊ नकोस. काहीही झालं तरी येऊ नकोस.

२४ ऑक्टोबर

दुसरं पत्र, तिसरं पत्र. उत्तर नाही. पबमध्ये आता कुणी थट्टा करत नाही. नोआ दाराशीच बसतो.

आज मिसेस गुडरम फरशी पुसता पुसता थांबल्या. वर न बघता म्हणाल्या, वहीची सतरावी, एकोणिसावी आणि बाविसावी ओळ बघा. बघितली. तिन्ही ठिकाणी नवऱ्याच्या नावावर काट, आणि त्याखाली त्याच तारखेला बायकोचं नाव. मी म्हटलं, म्हणजे नवरे सुटले? बाईंनी फडकं पिळलं. म्हणाल्या, चर्चच्या मागं जाऊन तारखा वाचा.

वाचल्या. तिघांच्या थडग्यांवर तीच तारीख. बायकोनं नाव लिहिलं त्याच दिवशी नवरा गेला. एका घराला दोन मालक चालत नाहीत, इतकंच बाई म्हणाल्या. आणि जो एकदा पुलाकडं चालायला लागला त्याचा गाव भरवसा धरत नाही. बायका राहतात, म्हणाल्या. चाळीस चाळीस वर्षं राहतात.

२७ ऑक्टोबर

कोराचं पत्र. तुझं पत्र मिळालं, इतकी आठवण येत असेल तर बुधवारीच येते वेड्या, दुपारच्या मोटारीनं.

मी असं पत्र लिहिलेलं नाही.

माझी तिन्ही पत्रं नोआच्या कोटाच्या खिशात सापडली. मी ती काढून घेतली तरी त्यानं परत हिसकावली नाहीत. मला दोन मुली आहेत, मालक, एवढंच बोलला.

२९ ऑक्टोबर

सकाळी मागच्या खिडकीतून उडी टाकली आणि पळालो. ठरवलं होतं, बुडू देत. फसवणारे बुडू देत. कोरापर्यंत पोचायचं, बस्स.

पूल ओलांडला. खरंच ओलांडला. पलीकडचा रस्ता कोरडा होता, दूरवर शेतात एक घोडा चरत होता. मग मागं पाहिलं. का पाहिलं!

मिसेस गुडरम कमरेभर पाण्यात उभ्या होत्या. खांद्यावर पांगळी बहीण. हाक नाही, ओरडणं नाही. नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. पाणी छातीला लागलं तरी बघतच होत्या.

मी परत आलो. भित्रा म्हणून, की माणूस म्हणून, मला सांगता येणार नाही.

त्यांनी मला माडीवरच्या खोलीत घातलं. बाहेरून आडणा. खिडकीला फळ्या. मिसेस गुडरमनी जेवण आणलं. त्यांचे आभार मानले मी. कसले आभार— कुणास ठाऊक.

३० ऑक्टोबर

दार हलत नाही. फळ्या हलत नाहीत. नखं गेली.

ती आली, की आधी माझ्याबद्दल विचारेल. काय सांगतील? सांगतील, तळघरात पिंपं लावतोय, येईलच. तोवर नाव लिहून घ्या—

आणि ती लिहील. हसत लिहील. तिला असल्या रीतीभाती आवडतात.

३१ ऑक्टोबर

मोटार आली. आवाज ऐकला.

ती बोलतेय. खाली. मी ओरडलो आणि त्यांनी गायला सुरुवात केली. अख्खं गाव गातंय. पायांनी ताल धरलाय. जमिनीवर आपटतो, बुटांनी, खुर्चीनं— ते आणखी मोठ्यानं गातात.

जमिनीच्या दोन फळ्यांत फट आहे. डोळा लावला. तिची हिरवी टोपी. टेबल. टेबलावर वही.

स्टिटल खुर्ची ओढून देताहेत. ती विचारतेय, लायनेल कुठाय? कुणीतरी काहीतरी सांगितलं. हसली.

हे पान फाडून फटीतून टाकतो. टेबलावर पडेल. पडायलाच हवं—

कोरा, मी वर आहे. वर बघ. पेन खाली ठेव आणि बाहेर जा, मोटारीत बस, माझ्यासाठी थांबू नकोस. पेन घेतलं तिनं— कोरा, नाव लिहू न