'पान' या शब्दाचा एकमेव अर्थ

नागपूर, १ फेब्रुवारी १९३८, मंगळवार
साहित्यात एका शब्दाचे दहा अर्थ असतात, ही आळशी लोकांची समजूत. माझ्या लॅबोरेटरीत दोन बाटल्यांवर एकच लेबल लावणाऱ्या मुलीला मी बाहेर काढते. वाङ्मय मंडळाच्या संमेलनासाठी निबंध लिहायचे ठरवले. विषय: 'पान'. सिद्धांत: संदर्भ नीट दिला की अर्थ एकच उरतो.
त्या व्यासपीठावरून आजवर एकाही बाईने निबंध वाचलेला नाही. मला त्याचे विशेष काही नाही.
निळी साडी इस्त्रीला दिली.

२ फेब्रुवारी
नमुने गोळा केले. ओवीतले पान झाडाचे, कीर्तनातले पोथीचे, लावणीतले विड्याचे, लग्नाच्या गाण्यातले जेवणाचे. 'तिच्यावाचून घरात पान हलत नाही' यात झाडच नाही, सासू आहे. कुही गावाहून माझ्याकडे राहायला आलेल्या आत्याला विचारले, पिकले पान म्हणजे नक्की काय? "मले काहून इचारतं वं? आरसा आणून देऊ म्हन्तं काय?" म्हणाली. आत्याची वृत्ती शास्त्रीय नाही.

४ फेब्रुवारी
निबंध पूर्ण. सात पाने. कमिटी आधी ऐकणार, मग ठरवणार. सेक्रेटरी मनोहरराव म्हणाले होते, तयार झाला की कळवा, आम्ही घरीच येऊ. सदर भागातल्या त्यांच्या ऑफिसात चिठ्ठी पाठवली: 'सात पाने तयार आहेत. उद्या सायंकाळी सर्व मंडळींनी यावे.' चार मसुदे करून हे वाक्य ठरवले. दुसरा अर्थ निघणे अशक्य.

५ फेब्रुवारी, शनिवार
कमिटी आली. सातजण. आल्याआल्या हातपाय धुतले. वक्तशीर आणि स्वच्छ माणसे. मात्र बैठकीत कोणी टेकेना. सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत उभे. अध्यक्ष गोपाळराव म्हणाले, सकाळपासून पोट मोकळे ठेवले आहे.
आत्याने मला आत ओढले. "सात मान्सं जेवाले बोलावली अन् चुलीत जाळ नाही? डोकं ठिकाणावर हाय काय वं, शामले?" मी सांगितले, चूक वाचणाऱ्यांची आहे. ती म्हणाली, "वाचनाऱ्याचं मंग पाहू. पीठ काढ."
झुणका, भाकरी, कढी. मी वाढले.
निबंध जेवणानंतर वाचला. तिसऱ्या पानापासून गोपाळरावांनी एकाग्रतेने डोळे मिटले. निघताना मनोहरराव म्हणाले, "शामलाबाई, पान अप्रतिम!" तोंडात विडा होता. तरीही संदर्भ पाहता ते निबंधाबद्दलच बोलत होते.

८ फेब्रुवारी
मनोहरराव कॉलेजच्या फाटकाशी भेटले. म्हणाले, कमिटीचे एकमत झाले; संमेलनाच्या पानांची जबाबदारी तुमच्यावर.
म्हणजे स्मरणिकेचे संपादन! अपेक्षेपेक्षा मोठे काम. निबंधाचे विचारले नाही. संपादिकेने स्वतःसाठी जागा मागणे बरे दिसत नाही. तांबडी शाई आणली.
आत्याने विचारले, "किती पानं म्हन्ते तो?" दीडशे तरी, असे सांगितले. "मंग मोठे गंज लागतीन. शेजारच्या पंचफुलाले आत्ताच सांगून ठेवतो." छापखान्यात भातकढीची भांडी लागत नाहीत, हे तिला बराच वेळ समजावले. ती माझ्याकडे पाहत राहिली. पटले असावे.

१२ फेब्रुवारी, शनिवार
कार्यक्रमपत्रिका छापून आली. निबंधवाचन: चार नावे, चारही पुरुष. गोपाळरावांचा विषय, 'फूल' या शब्दाच्या नाना छटा. अगदी शेवटच्या ओळीत, भोजनव्यवस्था: कुमारी शामला.
मनोहररावांकडे गेले. सरळ विचारले, माझ्या निबंधाचे काय झाले? ते मनापासून गोंधळले. "निबंध होता काय तो? आम्हाले वाटलं, जेवण झाल्यावर तुमच्याकडे पोथी वाचतात! गोपाळरावांनी तर शेवटी हातही जोडले होते."
हात जोडले होते, हे खरे आहे. मी त्याची वेगळी नोंद ठेवली होती.
मला वाचायचे आहे, असे मी म्हणाले. ते म्हणाले, "पत्रिका छापून झाली ना, शामलाबाई. अन् झुणक्याची सर कोणाच्या निबंधाले येते?" माणूस चांगला आहे. पत्रिकेची घडी घातली आणि निघाले.
घरी आले तर बाजारातले रुपराव ओट्यावर बसून होते. पानं केळीची आणू की पळसाची, असे विचारले.
प्रश्नाला अर्थ एकच होता. पळसाची, असे सांगितले.