सिस्टरबाईंनी फोडलेला नारळ

९ जानेवारी, शुक्रवार

फॉर्म भरला! ग्रामपंचायत, वॉर्ड तीन, महिला राखीव. एकसष्टाव्या वर्षी हे खूळ! सूचक म्हणून सही कोणाची? ईश्वरदासची. माझा धाकटा भाऊ, हायवेवर पंक्चरचं दुकान आहे त्याचं. स्वतःचा पेन घेऊनच आला. म्हणाला, "बाई, तुया सूचक मीच. दुसरा कोन हाय?" लहानपणापासून मला बाईच म्हणतो.

रात्री ताट तसंच झाकून ठेवलं. का, ते इथेही लिहिणार नाही.

१० जानेवारी

लिहितेच. वही माझी, कपाट माझं.

पाच वर्षांपूर्वी ईश्वर उभा होता. प्रचाराच्या पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर नारळ फोडला. सगळेच फोडतात. पण आम्ही पडलो लुथरन ख्रिस्ती! आसपासच्या गावांतली धरून आमची अकरा घरं, आणि अकरा घरांचे बावीस डोळे एकमेकांवर. मी चर्चच्या तेव्हाच्या पाळकांना चिठ्ठी टाकली. निनावी. 'मूर्तीपुढे नारळ फोडणारा प्रभुभोजनाला कसा चालतो?' चर्चच्या कमिटीनं त्याला सहा महिने प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षरस घेणं, बंद केलं. हात वर करणाऱ्यांत मीही होते — महिला मंडळाची अध्यक्ष ना!

पुढचा रविवार आठवतो. सगळे उठून वेदीकडे गेले, तो एकटा बाकावर. त्यानंतर चर्चमध्ये त्याचं पाऊल नाही. निवडणूकही हरला.

आणि मला मूर्तीचं काय पडलं होतं? काही नाही! नारळ फोडताना त्यानं बायकोला, मंदाबाईला, शेजारी उभं केलं आणि मला मागे. ज्या बहिणीनं हात धरून अक्षरं गिरवून घेतली, ती मागे! एवढंच कारण. लाज वाटते.

११ जानेवारी, रविवार

उपदेश पस्तीस मिनिटं. आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, श्वास पुरतो. मला दोन डुलक्या पुरल्या.

१९ जानेवारी, सोमवार

प्रचाराला सुरुवात. चिन्ह कपबशी. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. अर्ध्या वॉर्डाच्या ढुंगणाला मी सुई टोचली आहे, मतं जातील कुठे?

तर झालं असं. मारुतीसमोर चाळीस बायका जमलेल्या. प्रचाराचा सगळा कारभार टेकचंदकडे. त्यानं माझ्या हातात नारळ दिला. "सिस्टरबाई, फोडा ना जी, मुहूर्त टळून राहिला!" मी विचार केला का? अजिबात नाही. एका फटक्यात दोन भकलं! टाळ्या! खोबरंही खाल्लं. गोड होतं.

घरी चप्पल काढताना डोक्यात उजेड पडला. अगं सुलोचने, तू काय करून बसलीस!

२० जानेवारी

रायपूरहून टीनाचा फोन. "आई, तुझा नारळाचा फोटो इथपर्यंत आला. भारी दिसतेस!" पोटची पोर, तीही हसते.

२४ जानेवारी, शनिवार

पाळकसाहेब आले. चहा घेतला, दुसरा घेतला, मग मोबाइल पुढे केला. मीच! हात वर, नारळ हवेत, तोंड उघडं.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. आदल्या दिवशी पाळकांच्या वहीत नाव द्यायचं. ते विचारतात, मनात कोणाबद्दल काही आहे का? पाच वर्षं मी "नाही" म्हणून मोकळी होत आले. द्राक्षरस म्हणजे उकळलेल्या मनुकांचं पाणी, पण त्यासाठी पाच वर्षं सरळ तोंडावर खोटं बोलले!

पाळकसाहेब म्हणाले, "भावाला थांबवलं आणि बहिणीला सोडलं, तर मंडळी काय म्हणेल? तेव्हा तुमचाही हात वर होता, आधी भावाकडे जा. माफी मागा. मन मोकळं झालं असं ते म्हणाले तर मी नाव लिहितो."

नाहीतर रविवारी मी एकटी बाकावर. अकरा घरांसमोर. मला भीती वाटते, खरंच वाटते.

आणि हा फोटो पाळकांना कोणी धाडला? ईश्वरनंच! वचपा काढला.

२७ जानेवारी, मंगळवार

माफी राहिली बाजूला, भांडायलाच गेले. ईश्वर टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

"फोटो तूच धाडला ना?"

मान वर न करता म्हणाला, "मी कायले धाडू? तुया फोटो त साऱ्या तालुक्यात फिरून राहिला." मग ट्यूब थोडी फिरवली. "पन मागची चिठ्ठी कोनं टाकली, ते मले तवापासून माहीत हाय."

मी विचारलं, "कसं?"

"निनावी चिठ्ठी, अन् कागद लसीकरणाच्या रजिस्टरचा! मागं पोलिओच्या डोसाचे रकाने. असा कागद गावात अजून कोनाकडं राहते, बाई? जुन्या पाळकानं दाखवली तवा मी हसलो. मंग घरी जाऊन रडलो."

पाच वर्षं! पाच नाताळ माझ्या घरी बसून करंज्या खाल्ल्या. त्या दिवशी फॉर्मवर सही केली. सगळं माहीत असून!

माफ कर — दोनच शब्द. तोंड उघडलं आणि काय निघालं? "हवा जास्त भरू नको, फुटेल." एवढं बोलून घरी आले. गाढव मी, गाढव!

२८ जानेवारी

बीपी १६०/१००. गोळी घेतली. प्रचाराला गेले नाही.

३० जानेवारी

दुकानासमोरून दोनदा गेले. दोन्ही वेळा गिऱ्हाईक होतं. एकदा नव्हतं, पण असल्यासारखं केलं.

३१ जानेवारी, शनिवार

पाळकसाहेबांकडे सांगायला गेले की उद्या मी बाकावरच बसते. त्यांनी वही पुढे केली. पहिल्या ओळीत ईश्वरदास — पाच वर्षांनी! त्याखाली त्याच्याच अक्षरात माझं नाव.

"सकाळीच येऊन गेले," पाळकसाहेब म्हणाले. "सांगत होते, बाई दुकानात आली, रडली, माफी मागितली. आता काही उरलं नाही."

मी कधी मागितली? खोटारडा मेला! पाळकांसमोर, वहीवर हात ठेवून, माझ्यासाठी!

दुकान सातला बंद करतो. साडेसहा झाले. निघते.