आपोआप भरणारी परात

बोरखेडे, ता. पारोळा
२ मे १९७१

नथ्थूभाऊ यांस तोतारामचा सप्रेम जयभीम.

पत्रास फार उशीर झाला, राग मानू नका. कुंदाला मुलगी झाल्याचे तुमचे कार्ड आले तेव्हापासून रोज लिहायला बसतो आणि रोज कोंबड्या उठवतात. बाळ-बाळंतीण खुशाल असतील. बाळाला दुपारची झळ लागू देऊ नका. (दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत घरोघरी पंखे आहेत म्हणे, पण पंख्याच्या बरोबर खाली निजवू नये. कोठेसा एक पंखा सुटून पडला होता, कोठे ते आठवत नाही.) तुमच्या घरच्यांचे गुडघे कसे आहेत? तुमच्या अक्का इथले घर माझ्यावर टाकून मदतीला आल्या आहेत खऱ्या, पण त्यांचा हात तिखटाला सैल आहे, बाळंतिणीच्या जेवणाकडे लक्ष असू द्या.

बुद्धपौर्णिमेला नामकरण आहे आणि नाव आत्याच्या यजमानांनी, म्हणजे तिच्या या मामांनीच ठेवायचे असा कुंदाचा हट्ट आहे, हे वाचून मी चष्मा दोनदा पुसला. आम्हाला मूलबाळ नाही, कुंदा आमच्याच अंगणात रांगली. म्हणून मला यायचेच आहे. अडचण कोंबड्यांची. निघताना अक्का बसच्या खिडकीतून सगळ्या गावाला ऐकू जाईल असे बोलल्या, "एक जरी कोंबडी तहानेने मेली, तर तिकडे तोंड दाखवू नका." शेजारच्या केसरबाई सकाळी दाणे टाकायला तयार आहेत, पण मग त्या दिवसभर शेतावर. पाण्याचे भांडे भरून ठेवावे तर कोंबड्या आधी त्यात उभ्या राहतात, मग ते उलथवतात आणि दुपारी चोची उघड्या टाकून माझ्याकडे अशा बघतात, जणू मीच ते उलथवले.

मागे बकरीला घेऊन पारोळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो होतो, तिथे एक युक्ती पाहिली होती. डबा पाण्याने भरायचा, काठाजवळ एक भोक पाडायचे आणि तो परातीत उपडा घालायचा. कोंबड्या पितील तसे पाणी आपोआप उतरते, भोक बुडाले की थांबते. डॉक्टरांनी कारणही सांगितले होते, पण तेव्हा मी बकरीचा कान धरून होतो म्हणून निम्मेच कळले. (मी चौथीपर्यंत शिकलेला, मोकळ्या हाताने ऐकले असते तरी फार फरक पडला नसता.)

घरी तेलाचा जुना डबा होता. त्यात पूर्वी पुदिना लावला होता आणि पाणी निथळावे म्हणून बुडाला भोके पाडली होती. मी विचार केला, डबा उपडा घातल्यावर बूड वर जाणार, वरच्या भोकातून पाणी कसे गळेल? भोकांवर बोटे दाबून डबा भरला, वर परात झाकली, सगळे एका दमात उलटे केले (कंबर अजून दुखते, पण ते असो) आणि बोटे काढली. पाणी खालून असे सुटले की थांबेचना. केसरबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांची पुन्हा खीर व्हायला आली. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आबा, हाई काय शे? बठ्ठं पानी मन्हा आंगनमा उनं." सगळे पाणी त्यांच्याच अंगणात गेले होते खरे. मी म्हटले, हे कोंबड्यांचे आहे. त्या म्हणाल्या की कोंबड्या पोहायला शिकणार असतील तर आधी सांगत जा.

बुडाच्या भोकांना डांबर लावले. दुसऱ्या खेपेला काठाजवळचे भोक परातीच्या काठापेक्षा उंच पडले, तेव्हा परात भरून वाहिली. (कुरडया त्यांनी सकाळीच आत नेल्या होत्या. बाईमाणूस हुशार.) मग खोल परात हवी म्हणून अक्कांची लग्नातली पितळी परात काढली. ही गोष्ट तुमच्यापुरती ठेवा. तिसऱ्या खेपेला पाणी बोटभर चढले आणि थांबले. मी अर्धा तास नुसता बघत बसलो. इतके शहाणे पाणी मी जन्मात पाहिले नव्हते.

पण कोंबड्या जवळ येईनात. डबा उन्हात चमकतो म्हणून बिचकत असतील, असे वाटून त्याला शेणाने सारवले. मग आल्या, पण शेणातले दाणे टिपायला, आणि कोंबड्याने वर चढून बांग दिली. शेवटी डब्यावर काटेरी फांदी बांधली, परातीजवळ जाऊन बसलो आणि मुठीतली बाजरी थोडी थोडी टाकत राहिलो. दाणा टिपता टिपता एकीची चोच पाण्यात गेली. तिचे बघून सगळ्या प्यायल्या. आता डबा भरला की दोन दिवस बघायला नको. मी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येतो, हे अक्कांना कळवा, आणि यंत्र मीच केले हेही कळवा.

सर्वांस जयभीम, बाळास आशीर्वाद.

तुमचा
तोताराम

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी खात्री करावी म्हणून दारामागे लपून पाहिले. मी बाजरी घेऊन शेजारी बसल्याशिवाय एकही कोंबडी त्या पाण्याला तोंड लावत नाही. सगळ्या परातीभोवती गोळा होऊन माझ्या दाराकडे बघत उभ्या होत्या. त्यांना वाटते की पाणी पिणे हे माझ्याबरोबर करायचे काम आहे. तेव्हा माझे येणे रद्द समजावे. नाव तुम्हीच ठेवा. मी 'सुजाता' योजले होते.

पुन्हा ता. क. वरचे रद्द समजावे. हे पेन्सिलीने लिहितो आहे, कारण दौत आणली नाही. मी तुमच्या वसाहतीच्या फाटकाशी उभा आहे. दोन डालग्यांत सगळ्या कोंबड्या आहेत, डबा व परातही आहे. बसच्या कंडक्टरशी काय झाले ते जेवताना सांगेन. फाटकावरचा पहारेकरी मला आत सोडतो पण कोंबड्यांना नाही, म्हणून पत्र त्याच्याच हाती पाठवतो. एकही मेलेली नाही, हे अक्कांना आधी सांगा, बाकीचे नंतर. आणि काय तो निरोप लवकर पाठवा. ऊन फार आहे, कोंबड्यांना तहान लागली आहे, आणि बाजरी संपत आली आहे.