साहेबासाठी घासलेले दगड

मान्यवर व्याहीबुवा माणिकराव, मुक्काम भैंसा, यांले जैनथहून मारोतरावचा हात जोडून रामराम.

तुमा सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत असतीलच. आमची गुडघ्यापर्यंत चांगली आहे, खाली बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड आहे. पत्रास कारण, सूनबाई रूपालीले अन् बाळाले आता धाडून द्या. "तिथं पोरांचे दात पिवळे पडतात, बोअरचं पाणी सुधरंल तवाच येईन" म्हणून ती बाळंतपणापासून तुमच्याकडंच राह्यली. तर इथं फिल्टर बसला. टाकीत लाल मुरमाचे दगड. (शास्त्र तुमच्या लेकीनंच फोनवर सांगितलं : पाणी जरासं आंबट केलं की दगड फ्लोराईड धरून ठेवतात, सोडा पडला की सारं परत पाण्यात.) महिनाभर झकास चाललं.

मग मोठ्या साहेबाच्या हातून उद्घाटन निघालं. (फीत कापल्याशिवाय सरकारी पाणी शुद्ध होत नाई.) दगड मळकट दिसून राह्यले होते, अन् मी पडलो पाणी-समितीचा अध्यक्ष. पाहुणे येणार म्हणल्यावर आपण घरची भांडी घासतोच की! धुण्याचा सोडा टाकून दगड लख्ख करा, असा हुकूम दिला. मनकर्णा (तुमची विहीणबाई) म्हणे, "अवो, सूनबाई काय बोलली होती?" मी म्हणलं, "सूनबाई अध्यक्ष हाय का?"

दगड नवरदेवावानी चमकले, पण महिन्याभराचं धरलेलं सारं फ्लोराईड साहेबाच्या पहिल्या ग्लासात उतरलं. तपासणीच्या बाईनं दुसऱ्या ग्लासात गुलाबी औषध टाकलं, ते झटक्यात पिवळं झालं. हळदीचा रंग पाहून आमी टाळ्या वाजवल्या. (सुरू मीच केल्या.) पिवळं म्हणजे फ्लोराईड, हे बाई सांगेपर्यंत साहेब ग्लास रिकामा करून भाषणात "अमृत, अमृत" बोलून मोकळे झाले होते. आता सोड्यानं बिघडलेले दगड आंबट पाण्यानं पुन्हा ताजे करून द्या म्हणून साहेबाकडं दरखास्त दिली, तर नामंजूर. अमृताच्या फिल्टरची दुरुस्ती काऊन कराची, म्हणतात.

बाकी सर्व क्षेम. रूपालीले लवकर धाडा.

आपला,
मारोतराव

ता. क. घाई नाई. कापूस निघेपर्यंत राहू द्या.

ता. क. मनकर्णा मागं उभी राहून वाचून राह्यली. म्हणते, खरं लिहा. आमी अजून तेच पाणी पितो. बाळाले खालचे दोन दात आले, दुधावानी पांढरे, असं कळलं. लई आठवण येते हो त्याची. पण धाडू नका. आमीच येतो पाहाले.